तीच गाडी, देशागणिक वेगळं ओझं

पुण्या-मुंबईत 'टोइंग' म्हटलं की नो-पार्किंगमधून उचलून नेलेली स्कूटर आठवते. युरोप-अमेरिकेत मात्र या शब्दाचा रोजचा अर्थ वेगळा: आपल्याच कारमागे कॅरॅव्हॅन किंवा होडीचा ट्रेलर जोडून ओढणं. किती ओढायचं, हे कंपनी सांगते, आणि गंमत म्हणजे ती देश बघून सांगते. सातव्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फला युरोपात मधल्या इंजिनांवर सव्वा ते दीड टनाचा ब्रेकवाला ट्रेलर चालायचा. अमेरिकेत त्याच गोल्फला ट्रेलर लावूच नका, असा सल्ला.

समुद्र ओलांडला म्हणून इंजिन काही अशक्त होत नाही. गोम आहे ट्रेलरच्या दांडीत. बैलगाडी भरणाऱ्याला हे न शिकवता कळतं: ओझं मागं सरकलं की गाडी उलाळ होते, पुढं आलं की धुरजड. ट्रेलरही किंचित धुरजडच हवा. तो उलाळ झाला, तर वेगात शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलायला लागतो. कमी वेगात हे हेलकावे आपोआप विरतात. एका ठरावीक वेगापुढे मात्र प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. वजन पुढे घेतलं की ही वेगाची मर्यादा वर सरकते.

जर्मनीत ट्रेलरवाल्या कारला एरवी ताशी 80 किलोमीटरची मर्यादा आहे, खास मंजुरी असेल तर 100. त्यामुळे तिकडे ट्रेलरच्या वजनाचा 5-7 टक्के भार दांडीवर पुरतो. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ट्रेलर याहून जोरात पळतात, म्हणून तिथे 10 ते 15 टक्के सांगतात. आता हिशेब करा. कारचा हूक 75 किलो भार सोसत असेल, तर 5 टक्क्यांनी दीड टनाचा ट्रेलर बसतो, 10 टक्क्यांनी जेमतेम 750 किलोचा. त्याहून जास्त लादलं की कारची मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड सुटू लागते. (अमेरिकेत कंपन्यांना मोठे पिकअपही खपवायचे असतात, हा माझा जुना संशय.)

पिकअपांच्या आकड्यांतही पूर्वी प्रत्येक कंपनीची आपापली मोजपट्टी होती. 2008 मध्ये अमेरिकेतल्या 'एसएई' या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेची 'एसएई जे2807' ही सामाईक कसोटी आली. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा सुमारे 18 किलोमीटरचा चढ आहे: 38 अंशांची उष्णता, एसी पूर्ण सुरू, मागे ट्रेलर, आणि वेग ताशी 64 किलोमीटरच्या खाली येता कामा नये. 2011 च्या मॉडेलांसाठी टोयोटाने ती सगळ्यांत आधी स्वीकारली आणि टुंड्रा पिकअपचे आकडे खाली आले. युरोपची मुख्य परीक्षा वेगळी, 12 टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून पुन्हा निघायचं. हा प्रकार अमेरिकी कसोटीतही आहे. तापलेल्या घाटाची भर मात्र तिची स्वतःची.

गाडीत किती सामान भरायचं, याचाही घोळ आहेच. युरोपात रिकाम्या गाडीच्या वजनात 75 किलोचा ड्रायव्हर आधीच धरलेला असतो. अमेरिकेत तो सामानाच्या खात्यात जातो.