सतरा जणांचे डोळे आणि आपल्या पडद्यावरचा रंग

लग्नाच्या अल्बममध्ये राणी रंगाची पैठणी फिकट गुलाबी उतरली की फोटोग्राफर म्हणतो, माझ्या मॉनिटरवर बरोबर होती. लॅबवालाही तेच सांगतो. दोघेही खरंच बोलत असतात. प्रश्न एवढाच, की ‘बरोबर’ कशाशी ताडायचं?

त्याचं उत्तर १९२० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये शोधलं गेलं. डेव्हिड राइट यांनी १० आणि जॉन गिल्ड यांनी ७ माणसांना वेगवेगळं बसवून एकच काम दिलं. समोर एक छोटं वर्तुळ, हात लांब करून अंगठ्याचं नख पाहावं साधारण तेवढं. त्याच्या अर्ध्या भागात एक रंग. उरलेल्या अर्ध्यात लाल, हिरवा, निळा प्रकाश कमी-जास्त करत मधली रेघ दिसेनाशी होईपर्यंत जुळवायचं. या जुळणीच्या आकड्यांवरून १९३१ मध्ये प्रकाश आणि रंगाची मापं ठरवणाऱ्या सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘प्रमाण डोळा’ ठरवला. आज आपण मॉनिटरवर टेकवतो तो कलरिमीटर, म्हणजे रंग मोजायचं उपकरण, त्याच डोळ्याची नक्कल करतो. फक्त सतरा जणांच्या नजरेवर एवढा डोलारा उभा आहे, याचं मला आजही नवल वाटतं.

फिल्मच्या काळात लॅबमध्ये मोजमापाला माणसाचा चेहरा असे. कोडॅकच्या ‘शर्ली कार्ड’वर गोरी बाई असायची आणि तिची त्वचा नीट दिसली की रंग जुळले असं धरायचे. सावळ्या चेहऱ्यांवर हा सरळ अन्यायच होता. १९७६ मध्ये मॅकॅमी आणि सहकाऱ्यांनी ठरावीक रंगांच्या २४ चौकोनांचा मॅकबेथ चार्ट मांडला. त्यातले पहिले दोन चौकोन गडद आणि उजळ त्वचेचे आहेत, शेवटची ओळ पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतची.

संगणक आल्यावर गोंधळ वाढला, कारण रंगाचे तेच लाल-हिरवा-निळा आकडे दोन पडद्यांवर वेगळे दिसत. १९९३ मध्ये ॲडोबी, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट अशा आठ कंपन्यांनी आयसीसी ही रंगासाठीची संघटना स्थापली आणि प्रोफाइलची, म्हणजे एखादं उपकरण रंग कसा दाखवतं याच्या नोंदीची, सामाईक पद्धत आली. १९९६ मध्ये एचपी व मायक्रोसॉफ्टने एसआरजीबी हे कुठला आकडा म्हणजे कुठला रंग हे ठरवणारं माप सुचवलं, तेव्हाच्या काचेच्या जाड मॉनिटरवर बेतलेलं. ते मॉनिटर भंगारात गेले, पण वेबवरचे बहुतेक फोटो अजून त्याच मापात असतात.

कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल यांची गल्लत मात्र कायम होते. कॅलिब्रेशन म्हणजे पडद्याचा उजळपणा, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात याचं माप) आणि पांढरा रंग ठरल्या जागी आणणं, बहुधा पांढरा ६५०० केल्विनवर आणि गॅमा २.२ वर. त्यानंतरही जो फरक उरतो त्याची नोंद म्हणजे प्रोफाइल. पडद्यामागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट, जुना होतो, म्हणून दोन्ही पुन्हा करावं लागतं. कॅमेऱ्याचं प्रोफाइल तर ज्या प्रकाशात चार्ट टिपला त्याच प्रकाशापुरतं खरं. हॉलचे पिवळे दिवे सोडून वऱ्हाड अंगणात आलं, की पैठणीशेजारी चार्ट धरून आणखी एक फोटो घ्यायचा.