बारा, नऊ, सहा व्होल्ट: चार्जिंग पोर्टचे निदान

गेल्या फेब्रुवारीत अमळनेरहून माझ्या मेहुण्यांचा फोन आला, तेव्हा आपल्या इलेक्ट्रिक मोटारीची बॅटरी बसली हे त्यांनी जवळजवळ मान्यच केले होते. चार्जिंगची गन (केबलच्या टोकाची जोडणी) लावली तरी चार्जरवरचा दिवा बदलत नव्हता आणि गाडीच्या पडद्यावर काहीच उमटत नव्हते. आदल्या दिवसापर्यंत हीच गाडी धुळ्याला जाऊन येत होती. घरातल्या वडीलधाऱ्यांनी गाडीला दृष्ट लागली असे ठरवून पुढे नवी लिंबू-मिरची बांधली होती आणि त्या भरवशावर दोन दिवस गेले होते. दृष्टीने विद्युत मंडल तुटत नाही आणि लिंबाने ते जुळत नाही, हे मी त्यांना आदराने पण स्पष्टपणे सांगितले. मात्र ‘बॅटरी बसली’ हे निदानही तितकेच निराधार होते, कारण त्या घटकेपर्यंत बॅटरीचा या प्रकरणाशी संबंधच आलेला नव्हता.

नळाला पाइप लावला की पाणी वाहू लागते, तशी गन लावली की वीज वाहू लागते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात टाइप 2 प्रकारच्या गनमध्ये सुरुवातीला वीजच नसते. गाडी आणि चार्जर यांच्यात आधी एका बारीक तारेवरून संवाद होतो, आणि तो पूर्ण झाल्यावरच चार्जरमधला काँटॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, जोडला जाऊन जाड पिनांपर्यंत वीज पोहोचते. या तारेला कंट्रोल पायलट म्हणतात. पोर्टच्या बिघाडाचे निदान म्हणजे हा संवाद नेमका कोणत्या वाक्यावर अडला ते शोधणे होय, आणि त्यासाठी दहावीच्या पुस्तकातला ओहमचा नियम पुरतो.

भारतातील बहुतेक मोटारींच्या पोर्टचा वरचा भाग टाइप 2 असतो. त्यात सात पिना असतात: तीन फेजच्या, एक न्यूट्रलची, एक अर्थिंगची आणि दोन संदेशांच्या. चार्जरच्या आत 12 व्होल्टचा एक स्रोत असतो आणि तो 1000 ओहमच्या रोधामधून पायलट तारेला जोडलेला असतो. गन मोकळी असेल तर प्रवाह वाहायला वाटच नसते, म्हणून तारेवर पूर्ण 12 व्होल्ट दिसतात. गाडीच्या बाजूला पायलट आणि अर्थिंग यांच्यामध्ये एक डायोड (प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि 2740 ओहमचा रोध असतो. गन लागताच मंडल पूर्ण होते आणि 12 व्होल्ट दोन्ही रोधांत वाटले जातात. डायोडवर साधारण 0.7 व्होल्ट जातात, उरलेल्या 11.3 व्होल्टचा 2740 भागिले 3740 एवढा हिस्सा म्हणजे सुमारे 8.3 व्होल्ट गाडीच्या रोधावर पडतो, आणि डायोडचे 0.7 त्यात मिळवले की 9 व्होल्ट होतात. चार्जरला कळते की गाडी जोडली गेली आहे. गाडी तयार झाली की ती आणखी एक 1300 ओहमचा रोध समांतर जोडते, गाडीच्या बाजूचा एकूण रोध सुमारे 880 ओहमवर येतो आणि तारेवर 6 व्होल्ट दिसू लागतात. हे 6 व्होल्ट म्हणजे गाडीने ‘आता वीज सोड’ असे सांगणे आहे. इतक्या साध्या अंकगणितावर जगभरच्या लाखो गाड्या रोज चार्ज होतात, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

चार्जरचे उत्तरही याच तारेवरून येते. गाडी ओळखल्यावर चार्जर स्थिर 12 व्होल्टऐवजी सेकंदाला 1000 वेळा अधिक 12 आणि उणे 12 यांच्यात आलटून पालटून जाणारी चौकोनी लहर पाठवू लागतो. लहर प्रत्येक फेरीत किती टक्के वेळ वर राहते, त्यावरून गाडीला किती अँपिअर घेण्याची मुभा आहे ते ठरते: टक्केवारीला 0.6 ने गुणावे, म्हणजे सुमारे 53 टक्के असेल तर 32 अँपिअर. ही टक्केवारी 5 असेल, तर जलद डीसी चार्जिंगप्रमाणे पुढचे बोलणे याच तारेवर डिजिटल पद्धतीने होणार, असा त्याचा अर्थ होतो.

डायोडचे काम मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते. डायोड एकाच दिशेने प्रवाह जाऊ देतो, त्यामुळे लहरीचा वरचा अर्धा 9 किंवा 6 पर्यंत खाली येतो, पण खालचा अर्धा उणे 12 वरच राहतो. पोर्टमध्ये पावसाचे पाणी किंवा ओली धूळ साचून पायलट आणि अर्थिंग यांच्यात गळती होत असेल, तर पाण्याला दिशा कळत नाही आणि खालचा अर्धाही शून्याकडे सरकतो. अशा वेळी समोर गाडी आहे की ओलावा, हे चार्जर ओळखतो आणि वीज सोडत नाही.

येथेच तपासणाऱ्याची एक चूक होते. साधा मल्टिमीटर डीसीवर ठेवून पायलट तार मोजली, तर तो 1000 फेऱ्यांची सरासरी दाखवतो. 32 अँपिअरच्या चार्जरवर, सगळे सुरळीत चालू असताना, 0.533 गुणिले 6 मधून 0.467 गुणिले 12 वजा केले की सुमारे उणे 2.4 व्होल्ट येतात. हा आकडा पाहून चांगला चार्जर बाद ठरवला जाऊ शकतो. ही लहर ऑसिलोस्कोपवरच, म्हणजे लहरीचा आकार पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावरच, पाहिली पाहिजे. मीटरचा उपयोग गन मोकळी असतानाचे 12 व्होल्ट पाहण्यापुरता आहे, आणि तेही जाणकारानेच पाहावेत. पोर्टच्या जाड पिनांना घरी कोणीही मीटर लावू नये.

आता मेहुण्यांच्या गाडीकडे येतो. मी त्यांना एकच गोष्ट करायला सांगितली: दुसऱ्या चार्जरवर गाडी लावून पाहणे. तिथेही तेच झाले, म्हणून संशय घरच्या चार्जरवरून पोर्टवर आला. टाइप 2 मध्ये संदेशांच्या दोन्ही पिना मुद्दाम आखूड ठेवलेल्या असतात. गन घालताना त्या सर्वांत शेवटी जुळतात आणि काढताना सर्वांत आधी सुटतात, जेणेकरून जाड पिनांवर वीज असताना गन उपसली जाऊन ठिणगी पडू नये. या सोयीचा परिणाम असा की गन दोन-तीन मिलिमीटर जरी बाहेर राहिली, तरी जाड पिना जुळलेल्या असतात आणि पायलट मात्र जुळत नाही. चार्जरला 12 व्होल्टच दिसत राहतात, म्हणजे त्याच्या दृष्टीने गाडी आलेलीच नसते. मेहुण्यांची गाडी हंगामभर जिनिंगच्या आवारात उभी असे आणि पोर्टचे झाकण नीट बसत नव्हते. सरकीवरून उडालेली रुई आणि काळ्या मातीची धूळ पोर्टच्या तळाशी दाबून दाबून घट्ट बसली होती. सर्व्हिस सेंटरमधल्या तंत्रज्ञाने गाडी बंद करून, कोरड्या मऊ ब्रशने आणि प्लॅस्टिकच्या चिमट्याने ती काढली आणि गन पहिल्यासारखी ‘टक्’ आवाज करून बसली.

चार्जिंग सुरूच न होणे आणि सुरू होऊन थांबणे, हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात पायलट, गनचे कुलूप किंवा अर्थिंग यांच्याकडे पाहावे. खानदेशात उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळून कोरडी पडते, अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो, आणि अर्थिंग तपासणारा घरगुती चार्जर वीज सोडायला नकार देतो. तिथे पोर्टचा दोष नसतो.

वीस-पंचवीस मिनिटे नीट चालून मग प्रवाह कमी होत असेल, तर संशय उष्णतेवर घ्यावा. दोन धातू एकमेकांना टेकतात तेव्हा प्रत्यक्षात केवळ काही सूक्ष्म उंचवटेच एकमेकांना भिडतात, आणि सगळा प्रवाह त्या मोजक्या बिंदूंतून जातो. पिन सैल झाली किंवा तिच्यावर थर चढला की बिंदू कमी होतात आणि रोध वाढतो. उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, आणि 32 अँपिअरचा वर्ग 1024. जोडाचा रोध अर्धा मिलिओहम असेल तर अर्धा वॉट उष्णता होते, पण तोच रोध 25 मिलिओहम झाला तर 25 वॉटहून अधिक, म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता एका पिनेवर तयार होते. पोर्टमधला तापमान-संवेदक ते पाहून प्रवाह उतरवतो. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात हवाच अनेकदा 45 अंशांच्या आसपास तापते, त्यामुळे निरोगी पोर्टलाही तापण्यास थोडाच वाव उरतो. म्हणून पहाटे नीट आणि दुपारी अडखळत चार्ज होणारी गाडी लगेच आजारी ठरवू नये. पहाटेच्या गारव्यातही प्रवाह उतरत असेल, तर मात्र पिनांचा रंग पाहावा. एखादीच पिन तपकिरी पडली असेल किंवा तिच्याभोवतीचे प्लॅस्टिक वितळल्यासारखे दिसत असेल, तर ती पॉलिश पेपरने घासू नये. पिनेवर बहुधा चांदीचा पातळ मुलामा असतो; तो निघाला की खालचे तांबे लवकर काळवंडते आणि रोध पूर्वीपेक्षाही वाढतो. अशा वेळी संपूर्ण इनलेट, म्हणजे गाडीतला पिनांसह सगळा पोर्ट, बदलावा लागतो, आणि ज्या गनमुळे ती पिन जळाली ती गनही तपासून घ्यावी लागते, नाहीतर नवा इनलेटही त्याच जागी तपकिरी पडू लागतो.