बाटलीचं पाणी शुद्ध, पण कशापासून?

पाण्याची रिकामी बाटली उलटी करून तिचा तळ बघा. मधोमध एक बारीकसा टणक ठिपका दिसेल. मग झाकणाखालची मान चाचपून बघा. बाटलीचं अंग बोटाने दाबलं की चेपतं, मान मात्र जाड आणि कडक लागते. कारखान्यात आधी बाटली नसतेच, असते परीक्षानळीसारखी जाड भिंतीची एक नळी. तिला प्रीफॉर्म म्हणतात. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात ज्या भोकातून शिरलं, त्याचा वण म्हणजे तळाचा तो ठिपका. मान आणि तिच्यावरचे आटे याच टप्प्यात पक्के होतात. पुढे ही नळी साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, आतून सळई घालून लांब ताणतात आणि जोरदार दाबाच्या हवेने फुगवतात. मान तेवढी थंड ठेवलेली असते, म्हणून ती जाडच राहते.

या प्लॅस्टिकचं नाव पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, बोलण्यात ‘पेट’. जॉन रेक्स व्हिनफिल्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन या दोन ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी १९४१ मध्ये ते शोधलं तेव्हा त्यांच्या डोक्यात बाटली नव्हती, कापडाचा धागा होता. पॉलिएस्टरचे कपडे म्हणजे हेच प्लॅस्टिक. त्याच्या बाटलीचं पेटंट मिळालं १९७३ मध्ये, ड्यूपाँट कंपनीतल्या नॅथॅनियल वायेथ यांना. त्यांना सोड्यासारख्या पेयाचा दाब सोसणारी बाटली हवी होती. उभं-आडवं ताणल्यामुळे रेणूंच्या लांबलचक साखळ्या रांगेत बसतात आणि पातळ भिंतसुद्धा मजबूत होते, ही त्यातली मेख. साध्या पाण्याला तर दाबच नसतो. त्यामुळे भिंत आणखी पातळ केली तरी चालतं, बाटली आणखी हलकी आणि स्वस्त होते, आणि एकदा पाणी पिऊन झालं की कुणाच्याच लेखी तिला किंमत उरत नाही.

आता आतल्या पाण्याकडे वळू. काही पाणी झऱ्याचं किंवा खोल विहिरीचं असतं, पण बरंचसं चक्क नळाचं असतं. ते गाळून, कोळशातून नेऊन, रिव्हर्स ऑस्मोसिसच्या, म्हणजे आरओच्या पडद्यातून ढकलून, थोडे क्षार परत घालून आणि शेवटी ओझोन सोडून भरलेलं असतं. ओझोन जंतू मारतो आणि थोड्या वेळात त्याचा साधा ऑक्सिजन होतो. क्लोरीनसारखा वास मागे राहत नाही, म्हणून बाटलीवाल्यांना तो आवडतो.

याच ओझोनने २००४ मध्ये ब्रिटनमध्ये घोळ घातला. कोका-कोला कंपनीने ‘दसानी’ नावाचं पाणी तिथे आणलं. ते लंडनजवळच्या सिडकपच्या नळाचंच पाणी आहे हे बाहेर आल्यावर वृत्तपत्रांनी कंपनीची यथेच्छ टिंगल केली. पण खरी गडबड पुढे होती. शुद्ध करून झालेल्या पाण्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळलं जात होतं आणि त्यात ब्रोमाइडचा अंश होता. ओझोनने त्या ब्रोमाइडचं ब्रोमेट केलं. ब्रोमेटमुळे कर्करोगाचा धोका वाढू शकतो, म्हणून लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. ती ओलांडली गेली आणि सुमारे ५ लाख बाटल्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या. मूळ नळाचं पाणी ठीकच होतं. ते शुद्ध करायला गेले आणि बिघडवून बसले.

अशी प्रकरणं रोज घडत नाहीत, हे मान्यच. चांगल्या कंपनीचं सीलबंद पाणी जंतूंच्या दृष्टीने बहुतेक वेळा सुरक्षित असतं. माझा आक्षेप वेगळा आहे. ‘शुद्ध’ हा शब्द लेबलावर एकटाच उभा असतो. कशापासून शुद्ध, हे विचारल्याशिवाय त्याला फारसा अर्थ नाही.

प्लॅस्टिकच्या कणांचंच घ्या. २०१८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रेडोनिया इथल्या विद्यापीठात ९ देशांमधून आणलेल्या २५९ बाटल्या तपासल्या गेल्या. त्यातल्या ९३ टक्के बाटल्यांच्या पाण्यात सूक्ष्म प्लॅस्टिक सापडलं, सरासरी लिटरमागे ३२५ कण. हा आकडा तेव्हा मोठा वाटला होता. जानेवारी २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी लेसरवर चालणारं नव्या पद्धतीचं सूक्ष्मदर्शन वापरलं, आणि लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार कण मोजले गेले. त्यातले ९० टक्के नॅनोप्लॅस्टिक, म्हणजे एका मायक्रोमीटरपेक्षाही लहान. पाण्यात प्लॅस्टिक एकाएकी वाढलं नव्हतं, बघणारा डोळा तीक्ष्ण झाला होता. गंमत अशी की बाटलीच्या पेटपेक्षा नायलॉनच्या जातीचे कण जास्त निघाले. ते बहुधा पाणी गाळणाऱ्या पडद्यातूनच आले असावेत, असं संशोधकांचं म्हणणं आहे. एवढे बारीक कण शरीरात जाऊन नेमकं काय करतात यावर संशोधन चालू आहे, त्यामुळे आत्ताच घबराट माजवण्यात अर्थ नाही.

उन्हात तापलेल्या बाटलीबद्दलही लोक सारखं विचारतात. पेट तयार करताना अँटिमनी नावाच्या मूलद्रव्याचं संयुग उत्प्रेरक म्हणून वापरतात आणि त्याचा अंश प्लॅस्टिकमध्ये राहून जातो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात झालेल्या एका अभ्यासात, पाण्यातलं अँटिमनी तिथल्या मर्यादेपलीकडे, म्हणजे लिटरमागे ६ मायक्रोग्रॅमच्या वर जायला ६० अंशांना १७६ दिवस लागतील आणि ८० अंशांना फक्त २.३ दिवस, असा हिशोब निघाला. म्हणजे बंद गाडीत दुपारभर राहिलेल्या बाटलीने विषबाधा होत नाही, पण उन्हात महिनोन्‌महिने रचून ठेवलेल्या खोक्यांबद्दल तेवढी खात्री देता येणार नाही.

बाटली रिकामी झाल्यावरची गोष्ट तर पाण्याहून जास्त गुंतागुंतीची आहे. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगभरात पाण्याच्या सुमारे ६०० अब्ज प्लॅस्टिक बाटल्या आणि डबे तयार झाले, आणि त्यांचा कचरा भरला अडीच कोटी टन. बाटलीवर पुनर्वापराचं त्रिकोणी चिन्ह असतं खरं, पण ते फार तर ती कुठल्या प्लॅस्टिकची आहे एवढंच सांगतं. तसा पेट पुनर्वापराला बराच सोयीचा. बाटल्यांचे तुकडे करून पाण्यात टाकले की पेट बुडतो आणि झाकणाचं प्लॅस्टिक तरंगतं, वेगळं करणं सोपं. पण त्यात पीव्हीसी या दुसऱ्या प्लॅस्टिकचे थोडे तुकडे जरी आले, तरी तेही बुडतात आणि तापवल्यावर आम्ल सोडून सगळा घाणा नासवतात. शिवाय ओलावा राहिला तर वितळवताना पेटच्या साखळ्या तुटून आखूड होतात. मग त्यातून पुन्हा बाटली फुगवण्याऐवजी धागा काढला जातो. त्या धाग्याचं कापड जुनं झालं की ते बहुतेक वेळा कचऱ्यातच जातं. याला चक्र म्हणणं मला जड जातं. ही कचऱ्याच्या वाटेवरची एक जास्तीची पायरी झाली.

जपानमधल्या साकाई शहरात बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राजवळच्या नमुन्यात पेट खाणारा जीवाणू सापडल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं तेव्हा आता कचऱ्याचा प्रश्न मिटला अशा थाटात बातम्या आल्या. इडिओनेला साकाएन्सिस असं त्याचं नाव. त्याने ३० अंश तापमानाला सहा आठवड्यांत पेटचा पातळ पापुद्रा संपवला, पण त्या पापुद्र्यातले रेणू सैलसर, विस्कळीत होते. बाटलीतले रेणू ताणून रांगेत बसवलेले असतात. ज्या ताणण्यामुळे बाटली मजबूत होते, त्यामुळेच ती जीवाणूला पचायला अवघड जाते. त्यापेक्षा जर्मनीने २००३ पासून बाटलीवर लावलेली अनामत साधी आणि कामाची निघाली. बाटली परत केली की पैसे परत, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त बाटल्या परत येतात.

मग प्यायचं काय? इथे पुन्हा तोच प्रश्न विचारावा लागतो: पाण्यातून नेमकं काय काढायचं आहे? जंतूंची भीती असेल तर उकळण्यासारखा खात्रीचा उपाय नाही. पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट पुरतं, समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. वीस-वीस मिनिटं उकळत ठेवणं म्हणजे निव्वळ इंधनाची नासाडी. क्लोरीनही चांगला, मात्र त्याला अर्धा तास द्यायला हवा आणि पाणी गढूळ असता कामा नये. त्याची एक मर्यादा १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात उघडी पडली. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी गाळण यंत्रणेतून निसटला, क्लोरीनला त्याने दाद दिली नाही आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. उकळण्यापुढे किंवा अतिनील किरणांपुढे मात्र तो टिकत नाही.

अतिनील किरणांचं यंत्र नसेल तर ऊन आहे. लेबल काढलेल्या स्वच्छ पेट बाटलीत नितळ पाणी भरून ती सहा तास कडक उन्हात आडवी ठेवायची, आभाळ भरलेलं असेल तर दोन दिवस. बैरूतमधल्या आफ्तिम आक्रा यांनी सूर्यप्रकाशाच्या या गुणाचा १९८० च्या सुमारास अभ्यास केला आणि पुढे स्वित्झर्लंडच्या ईवाग संस्थेने ही पद्धत अनेक देशांत पोचवली. पेटमधून सूर्याचे अतिनील-ए किरण आत जातात, म्हणून हे जमतं. एवढ्या उन्हाने अँटिमनीचीही चिंता नाही, कारण पाणी साधारण पन्नास अंशांच्या आसपासच तापतं.

विरघळलेल्या पदार्थांपुढे यातलं काहीच चालत नाही. आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट असलेलं पाणी उकळलं तर वाफ निघून जाते आणि विष आहे तेवढंच, पण कमी पाण्यात उरतं. बांगलादेशात लोकांना तळ्यातल्या जंतूंपासून वाचवण्यासाठी १९७० च्या दशकापासून लाखो कूपनलिका खणल्या गेल्या. पाणी थंडगार, नितळ, चवीला चांगलं. जुलाबापासून ते खरोखरच सुरक्षित होतं. १९९३ मध्ये त्यात आर्सेनिक असल्याचं कळलं, तोवर कोट्यवधी लोक ते वर्षानुवर्षं पीत होते. पुढे एकेक पंप तपासून रंगवला गेला, धोक्याचा लाल आणि पिण्याजोगा हिरवा. अनेकदा लाल पंपापासून थोड्याच अंतरावर हिरवा पंप सापडायचा, कारण जमिनीखालचे थर जागोजागी बदलतात. पंपाच्या एका तपासणीने केलं ते काम कुठल्याही गाळणीला जमलं नसतं.

आरओचं यंत्र आर्सेनिकसारखे पदार्थ काढू शकतं, पण एका लिटरमागे अनेकदा दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडतं. गरज नसताना ते बसवायला सहसा टीडीएस मीटर कारणीभूत असतो. हा खिशात मावणारा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज सांगतो. पटकीचे जंतू असलेल्या पाण्यातही तो सुंदर आकडा दाखवेल, आणि निरुपद्रवी कॅल्शियमला बघून घाबरवेल. विक्रेत्याच्या हातातला मीटर ही तपासणी नव्हे. तसं जड, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेलं पाणी काही वाया गेलेलं नसतं. ते उकळलं की कॅल्शियम कार्बोनेटचे कण खाली बसतात आणि सूक्ष्म प्लॅस्टिकलाही आपल्यात गुंडाळून घेतात. चीनमध्ये २०२४ मध्ये झालेल्या एका प्रयोगात, पाणी चांगलंच जड होतं तेव्हा नव्वद टक्क्यांपर्यंत कण अशा रीतीने निघाले. नंतर वरचं पाणी साध्या कागदी गाळणीतून गाळायचं.

पूर, भूकंप, फुटलेली जलवाहिनी अशा वेळी बाटल्यांचे ट्रक जीव वाचवतात, त्यावर वाद नाही. रोजच्या पाण्याचं खरं उत्तर मात्र नळात आहे, आणि नळातलं पाणी बहुधा शुद्धीकरण केंद्रात नाही, वाटेत बिघडतं. वाहिनीत सतत दाब असेल तर फटीतून पाणी बाहेर गळतं. पुरवठा बंद झाला आणि दाब उतरला की त्याच फटीतून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. म्हणूनच टोकाच्या नळापर्यंत थोडा क्लोरीन उरेल असं बघतात, लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम. नळाला येणारा तो नकोसा वास त्याचाच.