गांडूळ खत युनिट किंवा गोदामासाठी कृषी पायाभूत सुविधा निधी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

जमिनीचा कस परत आणणारी शेती केवळ बांधाच्या आत उभी राहत नाही. खत कुजवायला सावलीची शेड आणि रसायनमुक्त माल वेगळा ठेवायला कोरडे गोदाम नसेल, तर कित्येक वर्षांची मेहनत बाजारात इतर मालात मिसळून जाते. या गरजेसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये सुरू केलेला एक लाख कोटी रुपयांचा कृषी पायाभूत सुविधा निधी उपयोगी पडतो. मात्र हे अनुदान नव्हे, बँकेचे कर्ज आहे. दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर जास्तीत जास्त सात वर्षे दरसाल ३ टक्के व्याज सवलत आणि पतहमी (कर्ज थकल्यास बँकेला मिळणारी हमी) मिळते. वीस लाखांच्या शिल्लक कर्जावर वर्षाला साठ हजार रुपये वाचतात, ही लहान गोष्ट नाही.

शेतकरी, शेतकरी उत्पादक कंपन्या, प्राथमिक कृषी पतसंस्था, बचत गट, कृषी उद्योजक आणि स्टार्टअप पात्र आहेत. सेंद्रिय निविष्ठा निर्मितीसारखे सामुदायिक प्रकल्प पूर्वी प्रामुख्याने गटांनाच करता येत. ऑगस्ट २०२४ च्या विस्तारानंतर ते वैयक्तिक शेतकऱ्यालाही खुले झाले, आणि माझ्या मते हा या योजनेतील सर्वांत मोलाचा बदल आहे. प्रकल्प खर्चाच्या किमान १० टक्के स्वहिस्सा मात्र घालावाच लागतो.

आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, सातबारा व आठ-अ, वर्षभराचे बँक विवरण, असल्यास आयकर विवरणपत्रे, यंत्रसामग्रीची दरपत्रके आणि संस्था असल्यास नोंदणी प्रमाणपत्र जोडावे. सातबाऱ्यावर सामाईक नावे असतील, तर सहहिस्सेदारांचे संमतिपत्र आधीच करून घेतलेले बरे, कारण अनेक प्रकरणे तिथेच अडतात.

अर्ज योजनेच्या पोर्टलवर आधार व मोबाइल क्रमांकाने नोंदणी करून भरायचा असतो. सोबतच्या प्रकल्प अहवालात गांडूळ खताचा एक वाफा भरायला किती शेण आणि पालापाचोळा लागतो, तो कुठून येणार, उन्हाळ्यात ओलावा कसा टिकवणार आणि दीड-दोन महिन्यांनी तयार होणारे खत कोण घेणार, हे आकड्यांसह लिहावे. नुसते शेडचे मोजमाप पुरत नाही. छाननीनंतर अर्ज आपण निवडलेल्या बँकेकडे जातो आणि मंजुरीचा निर्णय बँकच घेते.

२०२१ मध्ये कर्जवितरणाची मुदत वाढवून २०२५-२६ अखेरपर्यंत केली होती, त्यामुळे दरपत्रके मागवण्यापूर्वी पोर्टलवरील चालू मुदत पाहून घ्यावी.