कूप द फ्रान्स

कूप द फ्रान्स ही फ्रान्समधील फुटबॉल क्लबांची राष्ट्रीय बाद स्पर्धा. फ्रेंच फुटबॉल महासंघ ती दरवर्षी भरवतो. पुरुषांचा संघ असलेल्या महासंघाच्या कोणत्याही संलग्न क्लबाला तिच्यात नाव नोंदवता येते. मग तो लीग १ या सर्वोच्च श्रेणीतला मातब्बर क्लब असो, नाहीतर आठवडाभर नोकरी करून रविवारी मैदानात उतरणाऱ्यांचा गावचा संघ. एका क्लबाचा एकच संघ घेतला जातो, राखीव संघांना प्रवेश नाही. दरवर्षी सात-आठ हजार क्लब उतरतात. राष्ट्रीय चषक म्हणून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांमध्ये इतका मोठा पसारा क्वचितच सापडेल. विजेत्याला चषकासोबत युरोपा लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेत प्रवेश मिळतो.

स्पर्धा जन्मली ती पहिल्या महायुद्धात. त्या काळी फ्रेंच फुटबॉल एकसंध नव्हते. वेगवेगळ्या क्रीडासंघटना आपापल्या स्पर्धा भरवत आणि एका संघटनेचा क्लब दुसरीच्या क्लबाशी सहसा खेळत नसे. या संघटनांना एका छत्राखाली आणू पाहणाऱ्या आंतरसंघीय समितीचे सरचिटणीस शार्ल सिमाँ जून १९१५ मध्ये आघाडीवर मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ, इंग्लंडच्या एफए कपच्या धर्तीवर आणि सर्व संघटनांच्या क्लबांना खुली अशी एक स्पर्धा सुरू करायचे १९१७ मध्ये ठरले. यात पुढाकार होता आँरी देलोने यांचा. पुढे युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या करंडकाला नाव मिळाले ते याच देलोने यांचे. पहिल्या वर्षी ४८ क्लब आले. ५ मे १९१८ रोजी, युद्ध अजून चालू असताना, पॅरिसमध्ये अंतिम सामना झाला आणि ओलँपिक द पाँताँने एफसी लियाँला ३–० असे हरवले. सिमाँ यांचे नाव स्पर्धेच्या औपचारिक नावात आजही आहे. १९१९ मध्ये त्या समितीचाच महासंघ झाला आणि झ्यूल रिमे त्याचे पहिले अध्यक्ष झाले. फ्रेंच फुटबॉलला एकत्र आणण्यात या चषकाचा वाटा मोठा आहे. फ्रान्समध्ये व्यावसायिक लीग १९३२ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत साऱ्या देशाचा विजेता ठरवणारी महत्त्वाची स्पर्धा हीच होती.

दुसऱ्या महायुद्धातही खंड पडला नाही. १९४३–४४ च्या हंगामात व्यावसायिक क्लबांच्या जागी प्रांतवार संघ उभे करण्यात आले होते, त्यामुळे १९४४ च्या विजेत्याच्या रकान्यात क्लबाऐवजी नान्सी-लोरेन या प्रांतिक संघाचे नाव आहे.

फेऱ्या आणि सोडत

पहिल्या सहा फेऱ्या प्रादेशिक लीग आपापल्या भागात घेतात. सुरुवात होते ती जिल्हा आणि प्रादेशिक पातळीवरच्या हौशी क्लबांपासून, आणि वरच्या श्रेणींचे संघ टप्प्याटप्प्याने येत जातात. पाचव्या श्रेणीतले, म्हणजे नॅशनल ३ चे क्लब तिसऱ्या फेरीत येतात, नॅशनल २ चे चौथ्या आणि नॅशनलचे पाचव्या फेरीत. लीग २ चे क्लब सातव्या फेरीत दाखल होतात. लीग १ चे क्लब मात्र चौसष्ट संघ उरल्यावरच उतरतात. पहिल्या फेरीपासून खेळणाऱ्या संघाला तिथवर पोहोचायला आठ सामने सलग जिंकावे लागतात. त्यानंतर चषकापर्यंत आणखी सहा. लीग १ च्या क्लबाला एकूण सहाच विजय पुरतात.

सोडतीत मानांकनाचा अडसर फारसा नसतो. पहिल्या टप्प्यात प्रदेशानुसार आणि पुढे काही फेऱ्यांत गटांनुसार चिठ्ठ्या काढतात, पण बलाढ्य संघांना शेवटपर्यंत एकमेकांपासून दूर ठेवायची सोय केलेली नाही. ज्याचे नाव आधी निघते तो यजमान. मात्र दोन संघांत दोन किंवा अधिक श्रेणींचे अंतर असेल तर सामना खालच्या श्रेणीच्या क्लबाकडे जातो. स्पर्धेचा सारा जीव या एका नियमात आहे. हिवाळ्यातले चिखलाचे मैदान, अरुंद स्टँड, गोलरेषेला खेटून उभे राहिलेले गावकरी आणि हातात एकच सामना. नामांकित क्लब अशा ठिकाणी अडखळतो तेव्हा त्याला निव्वळ नशीब म्हणून चालत नाही. १९७० आणि १९८० च्या दशकांत बऱ्याच फेऱ्या दोन-दोन सामन्यांच्या होत्या. परतीचा सामना मोठ्या क्लबाच्या मैदानावर झाला की पहिला धक्का पुसला जाई. १९८० च्या दशकाअखेरीस पुन्हा एकाच सामन्यावर निकाल लावायचे ठरले, आणि ते योग्यच झाले. २०२०–२१ पासून अंतिम सामन्याच्या आधीच्या फेऱ्यांतून जादा वेळही काढून टाकला आहे. नव्वद मिनिटांनंतर बरोबरी राहिली तर थेट पेनल्टी. दमलेल्या हौशी खेळाडूंना व्यावसायिकांसमोर आणखी अर्धा तास धावायला लावणे संपले.

यजमानपदाच्या नियमाला एक मोठी मर्यादा आहे. सामना जितका मोठा, तितकी सुरक्षा, प्रकाशझोत आणि प्रेक्षकक्षमता यांची अट कडक. आणि गावच्या मैदानाला ती पेलवत नाही. मग यजमानपद कागदावर राहते आणि सामना शेजारच्या शहरातल्या मोठ्या स्टेडियमवर हलतो. जानेवारी २०२३ मध्ये सहाव्या श्रेणीतल्या यूएस पेई द कॅसेलला पॅरिस सॅं-जेर्माँ मिळाला. सामना झाला लाँसच्या बोलेर स्टेडियमवर. पॅरिसने तो ७–० असा जिंकला. त्यातले पाच गोल किलियन एम्बापेचे, आणि एका सामन्यात पाच गोल करणारा तो त्या क्लबाचा पहिलाच खेळाडू ठरला. कॅसेलच्या खेळाडूंसाठी आणि शेजारपाजारच्या गावांसाठी तो आयुष्यभराचा दिवस होता, यात शंका नाही. तरीही तो सामना कॅसेलच्या मैदानावर झाला नाही, आणि हा फरक लहान नाही. मोठ्या स्टेडियमचे गवत गुळगुळीत असते. त्याने तिकिटांचे पैसे वाढतात, पण धक्कादायक निकालाची शक्यता तिथेच कमी होते.

लहानांची मजल

स्पर्धेत उरलेल्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या क्लबाला फ्रेंच वृत्तपत्रे ‘पती पूसे’ म्हणतात. परीकथेतल्या चिमुकल्या, चलाख मुलाचे हे नाव. दर जानेवारीत कोणीतरी एक क्लब ते मिरवतो.

या सगळ्यांत सर्वांत लांब गेला तो कॅले. इंग्लिश खाडीवरच्या या बंदराचा क्लब १९९९–२००० मध्ये चौथ्या श्रेणीत होता. खेळाडू हौशी, दिवसा कामधंदा करणारे. प्रशिक्षक होते लादिस्लास लोझानो. कॅलेने लिलला पेनल्टींवर बाद केले, मग कान शहराच्या क्लबालाही पेनल्टींवरच. उपांत्यपूर्व फेरीत पहिल्या श्रेणीतला स्ट्रासबूर्ग २–१ ने हरला. उपांत्य फेरीत समोर आला बोर्दो, आधल्या वर्षीचा लीग विजेता. सामना लाँसला झाला, जादा वेळेत गेला आणि कॅलेने तो ३–१ असा जिंकला. ७ मे २००० रोजी स्ताद द फ्रान्सवर नाँतविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिला गोलही कॅलेचाच, जेरोम द्युतीत्रचा. मध्यंतरानंतर आंत्वान सिबियर्स्कीने बरोबरी साधली. सामना जादा वेळेकडे झुकला असताना शेवटच्या मिनिटाला नाँतला पेनल्टी मिळाली, आणि सिबियर्स्कीनेच ती गोलात घातली. चषक घ्यायला जाताना नाँतचा कर्णधार, गोलरक्षक मिकाएल लाँद्रो याने कॅलेचा कर्णधार रेजिनाल्ड बेक याला सोबत घेतले, आणि दोघांनी मिळून चषक उंचावला. ठरलेल्या कार्यक्रमात हे कुठेच नव्हते. लाँद्रो त्या वेळी अवघ्या वीस वर्षांचा होता.

तिसऱ्या श्रेणीतले क्लबही अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आहेत. नीम १९९६ मध्ये ओसेरकडून हरला. ओसेरने त्या वर्षी लीगही जिंकल्याने नीम तिसऱ्या श्रेणीत असूनही युरोपीय चषक-विजेत्यांच्या स्पर्धेत खेळला. २००१ मध्ये आमियाँने स्ट्रासबूर्गला गोल करू दिला नाही, पण पेनल्टींवर सामना गमावला. तो स्ट्रासबूर्ग त्याच हंगामात पहिल्या श्रेणीतून खाली घसरला होता, म्हणजे चषक आणि घसरण एकाच वर्षी. केव्हिलीची कथा वेगळी आहे. रूआँजवळचा हा छोटा क्लब १९२७ मध्ये अंतिम सामन्यात मार्सेकडून हरला होता. राष्ट्राध्यक्ष हजर राहिलेला तो पहिला अंतिम सामना. गास्ताँ दूमेर्ग यांनी पाडलेला पायंडा नंतर रूढ झाला. पंच्याऐंशी वर्षांनी, २०१२ मध्ये, केव्हिलीने त्याच मार्सेला जादा वेळेत ३–२ ने घरी पाठवले, पुढे रेनलाही हरवले आणि लियाँकडून फक्त एका गोलाने चषक गमावला.

चषक प्रत्यक्ष जिंकणारे दुसऱ्या श्रेणीतले क्लब दोनच: १९५९ मध्ये ल आव्र आणि २००९ मध्ये गँगाँ. ल आव्रला सोशोविरुद्ध अंतिम सामना दोनदा खेळावा लागला. गँगाँ तर ब्रिटनीतले सुमारे सात हजार वस्तीचे गाव. स्ताद द फ्रान्समधल्या एका कोपऱ्यात ते सारे मावावे. त्यांनी शेजारच्याच रेनला २–१ ने हरवले, दोन्ही गोल एदुआर्दोचे.

समुद्रापलीकडचे संघ

फ्रान्सच्या सीमा युरोपात संपत नाहीत, त्यामुळे चषकाच्याही संपत नाहीत. १९५० च्या दशकात उत्तर आफ्रिकेतल्या क्लबांना प्रवेश मिळाला. फेब्रुवारी १९५७ मध्ये अल्जीयर्सच्या उपनगरातल्या एल बियार या हौशी क्लबाने तुलूझच्या मैदानावर रँसला २–० असे हरवले. रँस म्हणजे आदल्याच वर्षी युरोपीय चषकाच्या पहिल्यावहिल्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदशी झुंजलेला संघ. त्या वेळी अल्जीरियात स्वातंत्र्ययुद्ध पेटलेले होते आणि अल्जीयर्स त्याच्या केंद्रस्थानी होते. स्पर्धेच्या इतिहासात मोठे उलटफेर पुष्कळ आहेत. एल बियारचा निकाल मात्र त्या काळापासून तोडून वाचताच येत नाही.

१९६० च्या दशकापासून मार्तिनिक, ग्वादेलूप, फ्रेंच गयाना, रेयुनियाँ अशा सागरपार प्रदेशांतले क्लब येऊ लागले. पॅसिफिकमधल्या ताहिती आणि न्यू कॅलेडोनियाचे क्लबही असतात. तिथले विजेते सातव्या फेरीत मुख्य स्पर्धेला मिळतात. जानेवारी २०२० मध्ये रेयुनियाँचा झेएस सॅं-प्येरवाज नऊ हजारांहून अधिक किलोमीटरचा विमानप्रवास करून आला आणि दुसऱ्या श्रेणीतल्या निओरला २–१ ने हरवून शेवटच्या बत्तीस संघांत गेला. सागरपारच्या क्लबाला ही मजल १९८९ नंतर पहिल्यांदाच गाठता आली. तेव्हा ती फ्रेंच गयानातल्या गेल्दार द कूरूने गाठली होती. उलट बाजूही सांगायला हवी. जानेवारी २०२४ मध्ये मार्तिनिकचा गोल्डन लायन लिलकडून १२–० असा हरला.

५ मे १९९२

कॉर्सिका बेटावर, बास्तियाजवळच्या फ्यूरियानी स्टेडियममध्ये त्या संध्याकाळी बास्तिया विरुद्ध मार्से हा उपांत्य सामना होणार होता. जास्त प्रेक्षक बसावेत म्हणून एक जुना स्टँड पाडून त्या जागी घाईघाईने तात्पुरता उंच स्टँड उभारला होता. सामना सुरू होण्याआधीच त्याचा वरचा भाग कोसळला. १८ जण मृत्युमुखी पडले आणि २,३०० हून अधिक जखमी झाले. त्या वर्षी अंतिम सामना झाला नाही आणि विजेताही जाहीर केला गेला नाही. पीडितांच्या कुटुंबीयांनी अनेक वर्षे लावून धरलेली मागणी २०२१ मध्ये मान्य झाली, आणि ५ मे रोजी व्यावसायिक श्रेणींचे व या चषकाचे सामने न घेण्याचा कायदा झाला. तो व्हायला जवळपास तीस वर्षे लागली, हे खटकतेच.

विजेते

सर्वाधिक विजेतेपदे पॅरिस सॅं-जेर्माँची. २०२५ मध्ये रँसला ३–० ने हरवून त्यांनी सोळावे मिळवले. मार्सेची दहा आहेत, पण शेवटचे १९८९ चे. त्या अंतिम सामन्यात झाँ-प्येर पापँच्या तीन गोलांमुळे मोनाको ४–३ असा हरला होता. सेंत-एतियेनची सहा, रेड स्टारची पाच. लिलने १९४६ ते १९४८ असा सलग तीनदा चषक नेला. २०१५ ते २०१८ अशी सलग चार विजेतेपदे पॅरिसने मिळवली. २०१९ मध्ये रेनने त्यांना पेनल्टींवर थोपवले, पुढे २०२२ मध्ये नाँत आणि २०२३ मध्ये तुलूझ जिंकले. एका श्रीमंत क्लबाने दशकभर यादी व्यापली तरी शेवटच्या चारांत अनपेक्षित नावे येत राहिली. चौथ्या श्रेणीतले रुमिली-व्हालिएर २०२१ मध्ये, व्हर्साय २०२२ मध्ये आणि कान २०२५ मध्ये उपांत्य फेरी खेळले.

अंतिम सामना अनेक वर्षे कोलोंबच्या मैदानावर आणि मग पार्क दे प्रँसवर होत असे. १९९८ पासून तो स्ताद द फ्रान्सवर होतो. अपवाद २०२४ चा. ऑलिंपिकच्या तयारीमुळे तो लिलला हलवला होता.

चषकानंतर

मोठी मजल मारलेल्या लहान क्लबाचे पुढे काय होते, याला एकच उत्तर नाही. हौशी क्लबाशी सामना झाला की व्यावसायिक क्लबाने तिकीटविक्रीतला आपला वाटा त्याच्याकडेच सोडायचा, अशी चांगली प्रथा आहे. त्यातून कुठे प्रकाशझोत येतात, कुठे कपडे बदलायच्या खोल्या बांधल्या जातात. महासंघाची बक्षीसरक्कमही खालच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचते. गँगाँने पहिल्या यशावर पुढची इमारत रचली आणि २०१४ मध्ये, या वेळी पहिल्या श्रेणीतून, पुन्हा रेनलाच हरवून चषक जिंकला. व्हाँदे भागातला ले झर्बिये २०१८ मध्ये तिसऱ्या श्रेणीतून अंतिम सामन्यात आला, पॅरिसकडून २–० ने हरला, आणि थियागो सिल्व्हाने त्यांचा कर्णधार सेबास्तियाँ फ्लोशाँ याला चषक उचलायला बोलावले. ती मंगळवारची रात्र होती. शुक्रवारी लीगचा शेवटचा सामना हरून तोच संघ चौथ्या श्रेणीत घसरला. अंतिम सामन्याच्या यशावर कॅलेत नवे, मोठे स्टेडियम उभे राहिले. क्लबाला मात्र पैशांची जुळवाजुळव जमली नाही, आणि २०१७ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तो बंद झाला.