दोन्ही बाजूंना बेस नको, असं आम्ही का म्हणतो?

साउंड सिस्टिमच्या बुकिंगला आलेले बहुतेक जण सांगतात, स्टेजच्या दोन्ही टोकांना बेसचे बॉक्स लावा, फोटोत भारी दिसतं. दिसतं, हे मान्य. पण मधल्या खुर्च्यांवर छाती हादरते आणि चार पावलं बाजूला सरकलं की बेस गायब, ही तक्रारही याच मांडणीची.

३० अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. म्हणजे ६० हर्ट्झच्या, सेकंदाला ६० लाटांच्या, बेसची एक लाट ५.८ मीटर लांब. समजा, दोन बॉक्समध्ये १० मीटर अंतर आहे आणि तुम्ही १२ मीटर मागे, मध्यरेषेपासून ४ मीटर बाजूला बसलात. लांबचा बॉक्स तुमच्यापासून १५ मीटर, जवळचा १२ मीटर. फरक ३ मीटर, म्हणजे जवळपास अर्धी लाट. एकीचा दाट भाग दुसरीच्या विरळ भागावर पडतो आणि दोघी एकमेकींना खातात. मध्यरेषेवर अंतर सारखं, त्यामुळे दाब दुप्पट आणि तीव्रता चौपट, एका बॉक्सपेक्षा ६ डेसिबल जास्त. अ‍ॅम्प वाढवून हा खड्डा भरत नाही, कारण दोन्ही लाटा सारख्याच वाढतात.

म्हणून आम्ही दोन्ही बॉक्स स्टेजपुढे मध्यभागी, एकमेकांना खेटून ठेवतो. मग कुठेही बसा, अंतरातला फरक मीटरभराच्या आतच राहतो. एवढ्या लांब लाटेला त्याचं फारसं काही नसतं.

हॉलमध्ये पक्क्या भिंतीपासून दीड मीटर पुढे बॉक्स ठेवू देऊ नका. भिंतीवर आपटून परतलेली लाट ३ मीटर जास्त चालते, पुन्हा तेच. टेकवूनच ठेवा.

मध्यावरच बेस मेला असेल तर एका बॉक्सच्या वायरीचे प्लस-मायनस उलटे असण्याची शक्यता मोठी. एक बॉक्स बंद करून पाहा. बंद केल्यावर बेस वाढला, तर खात्रीच.

भाषणाला पोडियमवर दोन माईक मांडायची हौस असते. तोंडापासूनच्या अंतरात ३५ सेंटिमीटरचा फरक पडला की ५०० आणि १५०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज कापला जातो. वक्ता पाइपात बोलतोय असं वाटतं. दुसरा माईक राहू द्या, पण बंद. तो राखीव.

बुकिंगच्या वेळी स्टेजची रुंदी आणि स्टेजमागे पक्की भिंत आहे की कापडी पडदा, एवढं सांगा. पडदा बेसला अडवत नाही, भिंत अडवते.