मावशीची साडी लांब झाली तेव्हा

माझ्या मावशीच्या साड्या तिच्या सत्तरीत एकाएकी लांब व्हायला लागल्या. निऱ्या जमिनीवर लोळायच्या, चालताना पायात यायच्या. तिने आधी परकराच्या नाडीला दोष दिला, मग लाँड्रीवाल्याला. शेवटी रोज कमरेशी एक जादा दुमड खोचायची सवय लावून घेतली आणि विषय मिटवला.

तो पुन्हा उघडला एसटीत. गाडी भरलेली, जागा मिळाली ती अगदी मागची. एका खड्ड्यात गाडी आदळली, मावशी सीटवरून वीतभर उडून खाली बसली आणि पाठीत अशी कळ गेली की पुढचा स्टॉप येईपर्यंत तिला बोलता आलं नाही. एक्स-रेमध्ये दोन मणके दबलेले निघाले. त्यातला एकच त्या दिवशीचा होता. दुसरा कधी मोडला हे तिला माहीतच नव्हतं. साडी लांब झाली नव्हती, मावशी आखूड झाली होती.

यात विशेष काही नाही, हेच खरं तर विशेष. ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारात, दबणाऱ्या मणक्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश कुणाच्या लक्षातही येत नाहीत. 'वयामुळे पाठ दुखते' या खात्यात ते जमा होतात. उंची दीड इंचाने कमी झाली तर एक्स-रे काढावा, हा साधा नियम आहे. पण साठीनंतर स्वतःची उंची मोजतो कोण?

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये मावशीचा टी-स्कोअर उणे ३.४ आला. हा आकडा म्हणजे तरुण, निरोगी माणसाच्या हाडांच्या घनतेपासून आपण किती खाली आहोत याचं माप. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवली. डॉक्टरांनी टेरिपॅराटाइड लिहून दिलं : रोज एक इंजेक्शन, पोटावर किंवा मांडीवर, स्वतःचं स्वतः टोचायचं, दोन वर्षं.

"कॅल्शियम घेतेच आहे की मी. मग हे कशाला?" हा मावशीचा पहिला प्रश्न. हाडांच्या डॉक्टरांकडे बाहेर बाकावर बसलं की हाच प्रश्न दर दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकू येतो.

कॅल्शियम म्हणजे विटा आणि सिमेंट. ते हवंच, ड जीवनसत्त्वही हवं. पण अंगणात विटांचा ढीग पडून भिंत उभी राहत नाही, गवंडी लागतो. आपलं हाड म्हणजे एकदा बांधून झालेलं घर नव्हे, तिथे कायम डागडुजी चालू असते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड खरवडून काढतात, ऑस्टिओब्लास्ट त्या खड्ड्यात नवं हाड भरतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा दरवर्षी साधारण दहावा हिस्सा असा नव्याने बांधला जातो. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, तोडणारे जोरात येतात आणि बांधणारे मागे पडतात. ऑस्टिओपोरोसिसची बहुतेक औषधं, म्हणजे आठवड्याची अॅलेंड्रोनेटची गोळी, वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं झोलेड्रॉनिक आम्ल किंवा सहा महिन्यांचं डेनोसुमॅब, तोडणाऱ्यांना आवरतात. टेरिपॅराटाइड मात्र गवंड्यांना कामाला लावतं.

आणि ते ज्याच्यापासून घेतलंय ते ऐकलं तर कुणीही चमकेल. मानेत थायरॉइडच्या मागे मसुराच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. रक्तातलं कॅल्शियम जरा उतरलं की त्या संप्रेरक सोडतात, आणि ते संप्रेरक हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. ज्यांच्यात हे संप्रेरक कायम जास्त असतं त्यांची हाडं पोखरली जातात, मुतखडे होतात. म्हणजे हे हाड खाणारं संप्रेरक. टेरिपॅराटाइड हा त्याचाच तुकडा आहे : ८४ अमिनो आम्लांच्या साखळीतली पहिली ३४.

(या ग्रंथींचा शोधही गमतीचा आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एक भारतीय एकशिंगी गेंडा १८४९ साली मेला. त्याचं विच्छेदन करताना शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांना थायरॉइडला चिकटलेला एक छोटा पिवळसर गोळा दिसला. माणसातल्या या ग्रंथींचं वर्णन करून त्यांना नाव दिलं ते १८८० साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या इव्हार सँडस्ट्रम यांनी. आपल्याकडच्या गेंड्याने पहिला पुरावा दिला, हे मावशीला फार आवडलं.)

मग तोडणारं संप्रेरक बांधतं कसं? १९२९ साली बॉस्टनमध्ये बाउअर, ऑब आणि अल्ब्राइट यांना पॅराथायरॉइडचा अर्क दिलेल्या उंदरांच्या हाडात जाळी दाट झालेली दिसली. १९३२ साली हान्स सेल्ये यांनीही छोटे डोस दिल्यावर हाड बांधणाऱ्या पेशी वाढतात असं लिहिलं. पुढे 'ताणतणाव' या विषयावर जगभर गाजले ते हेच सेल्ये. ही निरीक्षणं चाळीसेक वर्षं जवळपास धूळ खात पडली. सत्तरीच्या दशकात ३४ कड्यांचा तुकडा प्रयोगशाळेत बनवता येऊ लागला आणि १९८० साली २१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात रोज टोचून हाड वाढतं हे दिसलं.

सगळी गंमत वेळेत आहे. दाराची कडी कुणी एकदा वाजवली तर आपण उठून दार उघडतो. तीच कडी दिवसभर वाजत राहिली तर डोकं उठतं आणि घरात भांडणं होतात. टोचल्यावर अर्ध्या तासात टेरिपॅराटाइडची रक्तातली पातळी शिखर गाठते आणि तीनेक तासांत औषध दिसेनासं होतं. एवढ्याशा हाकेने सुस्त पडलेल्या पेशी जाग्या होतात, ऑस्टिओब्लास्ट जास्त दिवस जगतात, आणि तोडणाऱ्यांना जमवाजमव करायला वेळच मिळत नाही. हळूहळू तेही जागे होतात, पण तोपर्यंतचे कित्येक महिने बांधकाम पुढे असतं. म्हणून रोज एक टोचणी, आणि म्हणूनच आज राहिली तर उद्या दोन घ्यायच्या नाहीत.

हे सगळं कळूनही सुई हातात घेताना मावशीचा हात थरथरलाच. शेजारचे काका वीस वर्षं इन्सुलिन घेतात, त्यांनी शिकवलं. पोटाची चिमूट धरायची, सुई सरळ घालायची, बटण पूर्ण दाबून थोडं थांबायचं, मग काढायची. सुई केसासारखी बारीक. तिसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, "डास तरी याच्यापेक्षा जोरात चावतो." काकांनी मात्र एक गोष्ट चुकीची सांगितली, आणि ही चूक पुष्कळ घरांत होते. वापरातलं इन्सुलिनचं पेन बाहेर ठेवलं तरी सहसा चालतं. टेरिपॅराटाइडचं पेन वापर सुरू झाल्यावरही फ्रिजमध्येच, २ ते ८ अंशांत ठेवायचं. आणि बर्फाच्या कप्प्यात अजिबात नाही, गोठलं की टाकून द्यायचं. एका पेनात २८ डोस. अठ्ठावीस दिवस झाले की आत औषध उरलेलं दिसलं तरी पेन बाद. ते दोन थेंब वाया जाताना आपल्या बायकांच्या जिवाला जे लागतं, ते कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

औषधाचा त्रास मोजका असतो. पहिल्या काही दिवसांत टोचल्यावर उभं राहिलं की गरगरतं, कारण रक्तदाब थोडा उतरतो. म्हणून मावशीने रात्री, पलंगावर बसून, आडवं होण्याआधीची वेळ धरली. काहींना मळमळ होते, डोकं दुखतं. पायात गोळे येतात, पण शंभरात दोन-तीन जणांना. मावशी त्यातली निघाली आणि महिनाभर रात्री उठून पोटऱ्या चोळत बसली. एकादशीला इंजेक्शन चालतं का, हेही तिने विचारून घेतलं. डॉक्टर म्हणाले, पोटावर घेतलं तरी पोटात जात नाही.

खरा त्रास वेगळाच. या औषधाचं काम कळतच नाही. गुडघेदुखीची गोळी तासाभरात जाणवते, रक्तदाब यंत्रावर दिसतो, साखर ग्लुकोमीटरवर दिसते. इथे रोज सुई टोचायची, महिन्याला काही हजार रुपये मोजायचे, आणि फळ काय, तर एक न घडलेली गोष्ट. न मोडलेलं हाड दाखवता येत नाही. मेडिक्लेमही बहुधा बाह्यरुग्ण उपचाराचं बिल देत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात बाकावरची बरीच माणसं गळतात ती इथे, सुईच्या भीतीने नव्हे. एक निवृत्त शिक्षक भेटले होते, दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊन मणके दबलेले. घरचे म्हणत, हा बायकांचा आजार, तुम्हाला कसा होईल? त्यांना दुखण्यापेक्षा त्या वाक्याचा राग जास्त होता. स्टिरॉइडमुळे हाडं ठिसूळ होतात, पुरुषांचीसुद्धा, आणि हेच औषध त्यांनाही देतात.

न घडलेली गोष्ट मोजायला हजारो माणसं लागतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधीच मणका मोडलेल्या १६३७ स्त्रिया होत्या. नुसत्या पाण्याची सुई घेणाऱ्यांत १४ टक्क्यांचा नवा मणका मोडला, २० मायक्रोग्रॅम टेरिपॅराटाइड घेणाऱ्यांत ५ टक्क्यांचा. २०१८ साली आलेल्या दुसऱ्या अभ्यासात समोर पाणी नव्हतं, रायझेड्रोनेट हे चांगलं चालणारं औषध होतं. तरी दोन वर्षांत नवे मणके मोडण्याचं प्रमाण १२ विरुद्ध ५.४ टक्के. पाठदुखी वाढण्याचं प्रमाणही टेरिपॅराटाइड घेणाऱ्यांत कमी दिसलं आहे; काही रुग्णांना 'उठता-बसता बरं वाटतं' असं जाणवतं ते कदाचित यामुळेच.

मधे मावशीच्या मुलाने मोबाइलवर 'हाडाचा कॅन्सर' वाचलं आणि दोन दिवस पेन फ्रिजमध्ये तसंच राहिलं. ती भीती हवेतली नव्हती. उंदरांना जवळजवळ आयुष्यभर, माणसाच्या कितीतरी पट डोस दिल्यावर त्यांच्यात ऑस्टिओसार्कोमा आढळला होता, आणि माणसांवरची चाचणी त्यामुळेच वेळेआधी थांबवली गेली. अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळाली तीच वेष्टनावरच्या चौकटीतल्या इशाऱ्यासह. पण उंदराचं हाड आयुष्यभर वाढत राहतं, आपलं राहत नाही. पुढची पंधरा वर्षं रुग्णांवर लक्ष ठेवूनही माणसांत हा कर्करोग वाढलेला दिसला नाही, आणि २०२० साली तिथे ती चौकट काढून टाकली. हाडाचा कर्करोग झालेल्यांना, हाडांवर रेडिएशन घेतलेल्यांना किंवा रक्तात कॅल्शियम आधीच जास्त असलेल्यांना आजही हे देत नाहीत. मुतखड्याचा त्रास असेल तर तोही आधी सांगायचा.

बांधणाऱ्या औषधांत आता रोमोसोझुमॅबही आहे : महिन्यातून एकदा, एका वेळी दोन सुया, वर्षभर. हाडातल्याच पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन सोडून गवंड्यांना थोपवतात. हे औषध त्या प्रथिनालाच पकडतं. मात्र नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांना ते देत नाहीत. जपानमध्ये टेरिपॅराटाइड आठवड्यातून एकदा टोचायचीही पद्धत आहे. सोय चांगली, पण मावशीला रोजचंच बरं वाटलं. आठवड्याचं विसरायला होतं म्हणे.

वर्षाच्या शेवटी दुसरा डेक्सा झाला आणि घरात पुन्हा गोंधळ. कण्याचा आकडा सुधारलेला, मनगटाचा उलट थोडा घसरलेला. हे घडतं. मणक्याचं हाड आतून जाळीदार, तिथे औषध लवकर दिसतं. मनगटाचं हाड घट्ट कवचाचं, तिथे सुरुवातीला जुनं उकरलं जातं आणि घनता कमी भासते. शिवाय दबलेला मणका स्कॅनमध्ये उगाच दाट दिसतो, तो हिशेबातून वगळावा लागतो. आणि स्कॅन दर वेळी त्याच यंत्रावर करायचा, नाहीतर तुलना म्हणजे दोन वाण्यांच्या दोन तराजूंची तुलना.

सगळ्यात मोठी चूक होते ती औषध संपल्यावर. दोन वर्षं झाली, सुटलो, असं म्हणून लोक थांबतात. ताज्या हाडावर शरीर लगेच डोळा ठेवून असतं, आणि पुढच्या वर्ष-दीड वर्षात कमावलेलं बरंचसं निघून जातं. म्हणून बांधणाऱ्यांची पाळी संपली की लगोलग तोडणाऱ्यांना आवरणारं औषध सुरू करायचं. क्रमही हाच. उलट क्रमाने, म्हणजे डेनोसुमॅब थांबवून टेरिपॅराटाइडवर गेलं, तर हाडं आणखी घटताना दिसली आहेत. इतका महत्त्वाचा मुद्दा बहुतेक रुग्णांना शेवटच्या भेटीत उभ्या उभ्या सांगितला जातो, हे मला फार खटकतं. तो पहिल्याच चिठ्ठीवर लिहायला हवा.

मावशीने झोलेड्रॉनिक आम्लाचं सलाइन घेतलं. त्या रात्री ताप आला, अंग ठणकलं, दुसऱ्या दिवशी उतरलं. पहिल्या वेळी असं होतं. सव्वीस रिकामी पेनं आणि सुयांनी भरलेले प्लास्टिकचे जाड डबे ती स्वतः रिक्षाने दवाखान्यात देऊन आली, घंटागाडीत टाकू दिले नाहीत. या दोन वर्षांत नवा मणका दबला नाही. जुने दोन दबले ते दबलेच, कुठलंही इंजेक्शन त्यांना पुन्हा उचलून धरत नाही, आणि गेलेली उंचीही परत येत नाही. मावशीने सगळे परकर दोन इंच आखूड करून घेतले. एसटीत आता ती पुढच्या सीटसाठी कंडक्टरशी भांडते.